पोरोसिटी

हाडं मोजायला नंबर लावून बसलो होतो,
कॅनडा कॉर्नरजवळ, पहिल्या मजल्यावर.
आठ खुर्च्या, सात बायका आणि मी.
काउंटरवरची मुलगी म्हणाली, आईंना आत पाठवा.
म्हटलं, आई सिन्नरला असते. पेशंट मीच.
तिने कागद बघितला, मग मला,
मग पुन्हा कागद.

शेजारच्या दुसाने मावशींनी पर्समधून
खारकेची पुडी काढली. घ्या.
नाचणी खाता का? कोवळ्या उन्हात बसता का?
एकदा पाळी गेली ना, की... म्हणता म्हणता जीभ चावली त्यांनी,
आणि आम्ही दोघं हसलो.
मी बरगडी धरून.

पौषातल्या थंडीत शिंकलो होतो, एवढंच.
एका शिंकेत तडकली.

चोविसाव्या वर्षी एक काढून टाकली.
डॉक्टर वृषण म्हणाले. मित्र गोटी म्हणाला असता,
म्हणून मित्राला सांगितलंच नाही.
कंपनीत हर्निया सांगितला,
आणि चौदा वर्षं तो हर्निया सांभाळला,
त्याची तारीख, त्याचे टाके,
जड उचलायचं नाही, सगळं.

केमोच्या बाटल्या संपल्या, केस परत आले.
पाच वर्षांनी सगळे म्हणाले, सुटलास. पेढे वाटले.
पुढचं कोणी बोललं नाही, मीही विचारलं नाही.
वाचलेल्या माणसाने आणखी काय मागायचं?
दुपारी डोळे मिटायचे, वाटलं नाइट शिफ्ट.
दाढी आठवड्याने केली तरी चालायचं, वाटलं बरंच आहे.
अंगातून वाफा निघायच्या मधूनच, वाटलं वैशाख.
हर्षालीकडे पाठ करून झोपायचो,
वाटलं, वय.
अडतीस हे वय नसतं, ती अंधारात म्हणाली.
एकदाच म्हणाली.

सातपूरला मी कास्टिंग तपासतो.
पोलादी गोळी दाबायची, उमटलेला खड्डा मोजायचा,
आकडा लिहायचा.
वरून चकाचक पीस, कापला की कधी आत
सुईच्या टोकाएवढाली भोकं.
आम्ही त्याला पोरोसिटी म्हणतो
आणि लाल पट्टा मारून बाजूला ठेवतो.
डॉक्टर मॅडम समजावत होत्या, चाळण, मधाचं पोळं...
म्हटलं, राहू द्या, माझं रोजचंच आहे ते.
उणे दोन पॉइंट सहा.
सकाळी आठच्या आत दिलेल्या रक्ताचा आकडाही
खालच्या रेषेच्या खाली.
म्हणजे लाल पट्टा? मी विचारलं.
त्यांना कळलं नाही. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या.

आता अंघोळीनंतर खांद्यांना जेल चोळतो.
दुकानात विकत मिळणारा पुरुष, पारदर्शक, जरा स्पिरिटच्या वासाचा.
सुकेपर्यंत मुलीला शिवायचं नाही.
मृण्मयी दाराबाहेर उभी असते.
बाबा, सुकलं?
नाही.
आता?
उरलेल्या एकीची ही मुलगी.
तिच्यासाठी शर्ट घालतो, गळ्यापर्यंत बटणं लावतो,
हात दोनदा साबणाने धुतो.
हर्षालीची आणि माझी कॅल्शियमची बाटली एकच.
आठवण कोणी कोणाला करायची, यावर भांडतो.

रविवारी पांडवलेणी. मॅडम म्हणाल्या,
हाडांना वजन कळू द्या.
निम्म्या पायऱ्यांवर पगारे भेटला, आमच्याच शॉपमधला.
धात्रक, हर्निया असून चढतोस?
दम लागला होता. खाली अंबडचे पत्रे
उन्हात चमकत होते. खोटं बोलायला
श्वास पुरेना बहुतेक.
हर्निया नव्हता रे तो, म्हटलं,
आणि काय होतं ते सांगितलं, गोटी हाच शब्द वापरून.

पगारे पायरीवर बसला.
बुटाची नाडी सोडली, बांधली, परत सोडली.
मग उठून माझ्या पुढे झाला. म्हणाला,
उतरताना मी पुढे, तू मागून ये.
घसरलास तर माझ्यावर पड.